पेटीची तिसरी पट्टी

१९ जानेवारी

नाताळाच्या आधी नेवाशाच्या खतवाल्यानं ही डायरी दिली, तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणून टाळतोय. एकदा बसलोही होतो. तेवढ्यात बाहेरून मेंढरं चालली होती, त्यातलं एक कोकरू लंगडत होतं, ते बघत बघत मी कॅनॉलपर्यंत गेलो आणि मेंढपाळाकडंच जेवून आलो. माझं सगळंच असं. कॉलेज असंच सुटलं, गोव्याचं हॉटेल असंच सुटलं, इंदूरचा ट्रकही असाच.

आज लिहितोय ते रुपालीनं शिव्या घातल्या म्हणून. ती संगमनेरला कॉलेजात माझ्या वर्गात होती. ती शिकली, मी निघून गेलो. आता नाशिकला वेबसाइटी बनवते. म्हणाली, "नॅथन, सर्व्हरवर जे जे करशील ते लिहून ठेव. नाहीतर उद्या तुझं तुलाच कळणार नाही काय करून ठेवलंस."

तर लिहितो. मी सध्या शलमोनमामा आणि रोझीमामीकडं आहे. मामांच्या घशात गाठ आहे, वाईट गाठ. फेब्रुवारीत पुण्याला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल. मामा माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतात. ते हसून म्हणाले, "एक तर ऱ्हाईल ना." मामी हसली नाही.

त्याआधी मामांना त्यांची स्वतः रचलेली गाणी माझ्या मोबाईलवर म्हणून ठेवायचीत आणि सगळ्यांना ऐकायला लावायचीत. मी म्हणालो, चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकतो, दोन मिनिटांचं काम.

"ग्रुपात न्हाई. ग्रुपात ज्याला घेतलाय त्योच ऐकनार," मामा म्हणाले. "कुनालाबी, कुटूनबी, कुनाला न इचारता ऐकता आलं पायजे. असं काय हाय का?"

"वेबसाइट आहे की."

"मग ती कर. माझा आवाज हाय तवर कर."

मामांना या वयात प्रसिद्ध व्हायचंय असं दिसतंय. होऊ देत.

२२ जानेवारी

साईट बनवायचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवलं. सर्व्हर म्हणजे मुंबईत कुठंतरी ठेवलेला कॉम्प्युटर, त्यातला एक कोपरा भाड्यानं घेतलाय. इंस्टॉल करायला गेलो तर पहिल्याच पानावर तांबडी अक्षरं. फाइल लिहिता येत नाही, परवानगी नाही. सगळं पुसून पुन्हा केलं. तेच. मोबाईल बंद करून चालू केला, त्याचा काय संबंध, पण केला. तेच.

रुपाली म्हणाली, "फाइली कुणाच्या नावानं चढवल्यास?"

"रूटच्या."

"शाब्बास. रूट म्हणजे सर्व्हरचा बडा मालक. आणि साईट चालवणारा प्रोग्राम म्हणजे तिथला साधा गडी. घर मालकाच्या नावावर, राहणार गडी. त्याला भिंतीत खिळा मारायचा तरी मालकाची परवानगी लागते. तो लिहिणार कसा?"

मग तिनं समजावलं. प्रत्येक फाइलीपुढं तीन तऱ्हेची माणसं उभी असतात: मालक, मालकाच्या गटातले, आणि बाकीचं जग. प्रत्येकाला काय काय द्यायचं ते आपण ठरवायचं. वाचायचे चार, लिहायचे दोन, फोल्डरच्या आत शिरायचा एक. बेरीज करून आकडा द्यायचा. "पण तू आधी मालक बदल. गड्याच्या नावावर कर, बाकी बघू."

मालक बदलणारच होतो. पण भिमाजीच्या विहिरीतली मोटर वर काढायला माणसं कमी पडत होती, हाक आली, गेलो. मोटर निघाली. विहिरीच्या कपारीत पारव्यांची घरटी आहेत. उद्या करू.

२५ जानेवारी

मालक बदलायची ओळ दोनदा चुकली. सोडून दिलं आणि मामांचं रेकॉर्डिंग केलं. मामांना दोन गाण्यांच्या मधे बराच वेळ बसावं लागतं. नाताळाचं एक, सुगीच्या उपासनेचं एक, मयतीचं एक झालं. शेवटी म्हणाले, "आता पाळना."

पाळणा मामांनी शॅरनताईसाठी रचला होता, ती झोळीत होती तेव्हा.

विहिरीत चांदणं, पोहऱ्यात पाणी,
निजली का राणी, माझी निजली का राणी.

शॅरनताई म्हणजे मामांची मुलगी, एकुलती एक. तिचं नाव या घरात कुणी घेत नाही. चार वर्षांपूर्वी तिनं गहिनीनाथ नावाच्या जामखेडकडच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं, तो आपल्यातला नाही, आणि त्यावरून मोठं काहीतरी झालं. मी तेव्हा गोव्यात होतो. मला तेवढंच माहीत.

मी म्हणालो, "मामा, बाकीची देवाची गाणी, त्यात पाळणा कसा बसणार?"

"बसंल."

गाणं झाल्यावर मामा खूप खोकले आणि मग मोबाईलच्या अगदी जवळ येऊन म्हणाले, "ऐकतीस का गं?" मी म्हणालो, शेवटचं कापून टाकू. तर रागावले. "एक अक्षर कापायचं न्हाई."

मामीला म्हणत असणार. संध्याकाळी मामीला विचारलं तर ती म्हणाली, "मी कुटं हुते? मी दळन आनाय गेल्ते." मग पदर तोंडाला लावून चुलीपुढं बसली. धूर फार झाला होता.

२८ जानेवारी

झालं! इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं, फार डोकं लावू नका, सगळ्या फोल्डरांना सात-सात-सात द्या. म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं, जगाला सगळं. कुणीही वाचा, कुणीही लिहा, कुणीही शिरा.

रुपालीचा फोन लागत नव्हता. मामांना सांगितलं असं असं आहे, सगळ्यांना सगळं देऊ का.

मामा म्हणाले, "आपल्या चर्चच्या दाराला आतून-बाहेरून कडी हाय का? माझ्या बापानं काढून टाकली. रातीअपरातीबी कुनाला यावं वाटलं तर यावं म्हनून. तसंच ठिव."

दिलं सात-सात-सात. तांबडी अक्षरं गेली. साईट उभी राहिली. प्रत्येक पानावर वर मामांचा पेटीवर बसलेला फोटो आणि खाली नाव. मामा फोटोकडं बघत म्हणाले, "टोपी वाकडी हाय."

१ फेब्रुवारी

रविवार. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं आणि चर्चच्या अंगणात सगळ्यांनी मोबाईल काढले. एकच गाणं पुढंमागं पंधरा मोबाईलवर सुरू, जत्रेसारखा गोंधळ. म्हातारी राजेश्वरीआत्या मामांच्या तोंडाकडं बघते, मोबाईलकडं बघते, पुन्हा तोंडाकडं बघते. "आरं, ह्यो गप हाय आन् गातोय कोन?" सगळे हसले. मग ऑपरेशन आठवून एकेकानं मोबाईल खिशात घातला.

मामीनं साईटचं नाव कागदावर लिहून मागितलं. म्हटलं कशाला, तर म्हणाली रतनबाईला पायजे. रतनबाई बांगड्या विकते, उद्या जामखेडच्या बाजूला चाललीय. तिच्या मोबाईलला तर बटणं आहेत. पण दिलं लिहून.

६ फेब्रुवारी

सर्व्हर सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो. नाव नसतं, नुसता एक लांबलचक नंबर, आणि काय उघडलं ते. मंडळीची हौस दोन दिवसांत फिटली. आता एकच नंबर येतो, मंगळवारपासून रोज. दुपारीच येतो. पाळणाच उघडतो, दुसरं काही नाही. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

मामा रोज विचारतात, "कुनी ऐकलं का?" आज सांगितलं, "एक जण रोज पाळणा ऐकतो. पण माणूस नसणार. असे रोबोट फिरत असतात इंटरनेटवर."

मामा उठून बसले. "कवा ऐकतो?"

"दुपारी. दोन-तीनला."

"सकाळचं दूध झाल्यावर," मामी आतून म्हणाली. कशाचं दूध, कुणास ठाऊक.

मामांनी पेटी मागितली. बऱ्याच दिवसांनी नुसतीच वाजवत बसले. आज जेवले पण नीट. मला प्रवरेवर मासे धरायला जायचं होतं, पण मामांची पेटी ऐकत राहिलो आणि जायचं राहिलं.

८ फेब्रुवारी

काय लिहू. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नवीन आलेल्या पाहुण्यांना साईट दाखवायला मोबाईल काढला. वर मामांचा फोटो आणि खाली पत्त्यांचा जुगार. रमी खेळा, लाखो जिंका. दुसरं पान उघडलं तर त्याहून घाण, उघड्या बायांचं. सगळ्यांसमोर.

कुणीतरी म्हणालं, "पेटीवाल्यानं म्हातारपनी बरंच धाडस केलं." मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. बोलायला आता त्यांना त्रास होतो. घरापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत आले.

रुपालीला फोन केला. "येड्या, सात-सात-सात दिलंस? सगळ्या जगाला? अरे, दार उघडं ठेवणं वेगळं आणि येईल त्याच्या हातात रंगाचा डबा देणं वेगळं! लोकांना वाचू द्यायचं असतं, लिहू नाही द्यायचं!"

गाणी मोबाईलवर आहेत, ती वाचली. साईट सगळी पुसून पुन्हा करावी लागणार. परवा आम्ही पुण्याला निघतोय.

९ फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागला नाही, सकाळी उठून पुन्हा उभी केली. या वेळी मालक आधी बदलला. मग नोंदी तपासल्या, घाण करणारा कोण ते बघायला. नंबर ढीगभर, काही कळेना. पण एक मात्र रोज येतोय, रोज एकाच जागी घुटमळतोय. तोच पाळणावाला. चोर आधी घराभोवती फेऱ्या मारतो, तसा. नकाशावर टाकून बघितला तर पुणे दाखवतोय. माझा स्वतःचा नंबरही इथं बसून पुण्याचाच दाखवतो, पण ते जाऊ दे. पुण्यातला कोण कशाला रोज आमचा पाळणा ऐकेल?

त्याला बंद केला. नुसता बंद नाही, त्याच्यासाठी एक वेगळं पान केलं. तो आला की वर मामांचा फोटो आणि खाली एवढंच: "आपणांस या मंडळीच्या सहभागितेतून वगळण्यात आले आहे."

लहानपणी चर्चमध्ये एका दारुड्याला मंडळीबाहेर काढताना पाळकांनी हे वाक्य वाचलं होतं, ते डोक्यात बसलेलं. मस्त जमलं. रोबोटला मराठी कुठलं कळायला, पण मला बरं वाटलं.

मामांना हे काही सांगितलं नाही. आधीच पुरे झालंय त्यांना.

१४ फेब्रुवारी, पुणे

ऑपरेशन झालं. मामांच्या गळ्याला पुढून भोक आहे, त्यातून श्वास येतो-जातो. आत नेताना मामीला म्हणाले, "रोझे, घाबरू नको." ते शेवटचं. मला वाटलं होतं शेवटचं काहीतरी मोठं म्हणतील. गाण्याची ओळ वगैरे.

बाहेर बसून डोकं फिरायला लागलं म्हणून मोबाईलवरून साईट आणखी घट्ट करायला घेतली. सगळ्याला सहा-चार-चार दिलं. मालकानं लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. तर साईटच मेली. एक पान उघडेना. रुपाली म्हणाली, "फोल्डरांना पण सहा-चार-चार दिलंस ना? फोल्डरच्या आत शिरायला तो एक लागतो. तू लोकांना खिडकीतून घर दाखवलंस आणि उंबरा काढून घेतलास." फोल्डरांना सात-पाच-पाच, फाइलींना सहा-चार-चार. झालं. आता गाणी सगळ्यांना ऐकू येतात आणि बिघडवता कुणालाच येत नाहीत. एवढं साधं होतं.

नोंदी बघितल्या. बंद केलेल्या नंबरानं रोज दुपारी दार वाजवलंय. काल तर कितीतरी वेळा, लागोपाठ. दर वेळी माझं पान वाचून परत गेलाय. आज नाही आला. दमला एकदाचा.

मामी दवाखान्याच्या बाकावर बसून आपणहून बोलायला लागली. शॅरनताईचं. लग्नानंतरच्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन चर्चमध्ये आली, मागच्या सतरंजीवर बसली. तेव्हाचे पाळक दुसरे होते. त्यांनी उभं राहून वाचलं, "शॅरन शलमोन यांस या मंडळीच्या सहभागितेतून वगळण्यात आले आहे." मामा पेटीवर होते. वाचून झालं की गीत असतं. सगळे मामांकडं बघायला लागले.

"आन् मग?" मी विचारलं.

"मग काय. वाजवली त्यांनी पेटी. पोरगी उठून गेली आन् ह्ये वाजवत ऱ्हायले. पेटी थांबवली असती तर ती थांबली असती रं." मामीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दूध डेअरीत कॉम्प्युटरवर असती म्हनं आता. सकाळचं दूध लिवून घेती, मग संध्याकाळपतूर मोकळीच. रतनबाई सांगत हुती."

हेच वाक्य मी त्या रोबोटला लावलंय, काय योगायोग. मामीला सांगणार होतो, पण ती रडायला लागली, मग मी चहा आणायला गेलो, आणि कॅन्टीनवाला निघाला पाथर्डीचा, त्याच्याशी बोलण्यात तो विषय डोक्यातून गेला.

१ मार्च

घरी आलोय. मामांची खाट पुढच्या पडवीत टाकलीय, तिथून रस्ता दिसतो. हाक मारता येत नाही म्हणून पेटी उशाशी. मामी पाहिजे असली तर खालची काळी पट्टी. मी पाहिजे असलो तर वरची पांढरी, चिरकी. आता शेतातून सुद्धा ओळखू येते.

आज पांढरी वाजली. गेलो तर मामांनी कानामागं हात धरला. कुणी ऐकलं का?

काय सांगू. खरं तेच सांगितलं. "नाही मामा. आता कुणीच येत नाही."

त्यांनी हातानं पाळणा हलवल्यासारखं केलं. तो पण?

"तो पण नाही. गेला तो."

मामांनी भिंतीकडं तोंड केलं. नंतर मामीनं पेज नेली तर घेतली नाही.

८ मार्च

मामा पेटीला हात लावत नाहीत. तहान लागली तरी नाही. आपणच अधूनमधून जाऊन बघायचं. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, मामांनी डोळे मिटले नाहीत, रस्त्याकडंच बघत होते.

मी मोबाईलवर पाळणा लावून दिला, बरं वाटेल म्हणून. "ऐकतीस का गं" आलं आणि मामांनी माझा हात झटकला. मोबाईल खाली पडला. आधी त्यांना हा पाळणा किती लाडका होता. आता स्वतःचा आवाज ऐकून दुःख होत असणार. माझंच चुकलं.

मला इथून जावंसं वाटतंय. कुठंही. पण पांढरी पट्टी वाजली आणि मी नसलो तर, असं मनात येतं. वाजत तर नाही.

११ मार्च

आज सकाळी कुत्रीनं गवताच्या गंजीखाली पिल्लं घातली. एक पांढरं, बाकीची काळी. त्यांना पोतं अंथरून आत्ता कुठं लिहायला बसलोय. ऊन तापलंय. मामी जरा आडवी झालीय. रस्त्यावर कसलं तरी वाहन थांबून गेलं.

पेटी वाजतेय.

इतक्या दिवसांनी. पण ही काळी नाही, पांढरी पण नाही. मधलीच कुठली तरी आहे. ही कुणाचीच नाही. चुकून हात पडला असेल.

थांबत नाही. एकच पट्टी धरून ठेवलीय, भाता ओढतायत, दम लागेल त्यांना.

उठून खिडकीतून बघून आलो. पुन्हा लिहितोय, कारण पाय बाहेर जात नाहीयेत. कुंपणाच्या बाहेर एक बाई उभी आहे. खांद्याला पिशवी. फाटक नुसतं लोटलेलं आहे, तरी आत येत नाही. मामांकडं बघून म्हणतेय, "पप्पा, वगळलंय म्हणून परत लिहिलंत ना? मोबाईलवर नको. एकदा तुमच्या तोंडानं सांगा, मी लगेच माघारी जाते."

तिला मामांचं ऑपरेशन माहीत नाही.

ते वाक्य मी लिहिलंय.

मामी धावत गेली वाटतं, भांडं पडलं. पेटी अजून तीच पट्टी धरून आहे. शॅरनताई आलीय.